पेठेंतील ख्रिस्ती देवालय आणि शेजाऱ्यांचा अधिकार

१. वस्तींत नवें मोठें प्रार्थनास्थळ उभें राहूं लागलें म्हणजे शेजाऱ्यांच्या मनांत अनेक शंका उद्भवतात. गाड्यांच्या गर्दीनें रस्ता अडेल काय, घंटेच्या किंवा कर्ण्याच्या आवाजानें झोप मोडेल काय, पाणी पुरेल काय, आपलीं मुलेंबाळें तिकडे ओढलीं जातील काय, असे ते प्रश्न असतात. तें प्रार्थनास्थळ शेजाऱ्यांहून भिन्न धर्माचें असलें तर या प्रश्नांना धार चढते, आणि लवकरच दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो कीं, शेजाऱ्यांना नको असेल तर तें बांधूंच देऊं नये. दुसरा म्हणतो कीं, हा धर्मस्वातंत्र्याचा विषय आहे, येथें शेजाऱ्यांना बोलण्याचा अधिकारच नाहीं. या दोन्ही पक्षांना आपल्या जुन्या व्यवहारशास्त्राचा आधार नाहीं व महाराष्ट्राच्या अनुभवाचाही नाहीं, हें दाखविण्याचा प्रस्तुत निबंधाचा हेतु आहे. उदाहरणें मुख्यतः पुणें व जालना या दोन ठिकाणचीं घेतलीं आहेत. पैकीं जालना हें प्रस्तुत लेखकाच्या वडीगोद्री गांवास जवळचें असून त्याचा इतिहास निजामी अमलाशीं जोडलेला आहे. त्यामुळें पेशवाई, इंग्रजी व निजामी अशा तीन राजवटींची तुलना करण्यास सोईचें होतें.

२. प्रथम शास्त्राचें म्हणणें पाहूं. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत सीमाविवादाचें प्रकरण आहे. शेताच्या किंवा गांवाच्या हद्दीविषयीं तंटा उत्पन्न झाल्यास निर्णय कोणाच्या सांगण्यावरून करावा, याचा त्यांत विचार केलेला आहे, आणि तेथें ‘सामन्त’ हा शब्द येतो. पुढील काळांत या शब्दास मांडलिक राजा असा अर्थ चिकटला. परंतु स्मृतींतील सामन्त म्हणजे ज्याची जमीन लगत आहे तो, अर्थात् शेजारी. वृद्ध माणसें, गुराखी, बांधालगत नांगरणारे शेतकरी यांच्यासह शेजारी हा सीमेचा साक्षी मानिला आहे.

याच स्मृतीवरील विज्ञानेश्वराची मिताक्षरा टीका महाराष्ट्रांत शतकानुशतकें प्रमाण मानली गेली. दायविभागाच्या चर्चेंत विज्ञानेश्वर एका जुन्या वचनाचा विचार करितो. त्या वचनाप्रमाणें स्वग्राम, ज्ञाति, सामन्त व दायाद यांची अनुमति आणि सुवर्ण व उदक यांचें दान, अशा सहा गोष्टींनीं भूमि दुसऱ्याकडे जाते. वरवर पाहतां यावरून शेजाऱ्यानें नकार दिल्यास व्यवहार थांबला पाहिजे, असें वाटेल. परंतु विज्ञानेश्वर तसा अर्थ करीत नाहीं. ग्रामाची अनुमति हवी ती व्यवहार उघडपणें व्हावा म्हणून. ती नसल्यास व्यवहार असिद्ध ठरतो असें नाहीं. सामन्तांची अनुमति हवी ती पुढें सीमेविषयीं वाद निघूं नये म्हणून. म्हणजे शेजाऱ्याला विचारणें अवश्य आहे, परंतु शेजाऱ्याच्या हातीं नकाराची किल्ली दिलेली नाहीं. तो साक्षी आहे, स्वामी नव्हे.

कोणी म्हणेल, हा नियम जमिनीच्या हस्तांतराचा. देवालयास तो कसा लागूं होईल? तो शब्दशः लागूं होत नाहीं हें खरें. तथापि त्याच अध्यायांत ‘संविद्व्यतिक्रम’ नांवाचें दुसरें प्रकरण आहे, आणि श्रेणी, नैगम व गण यांजबरोबर पाखंडी, म्हणजे वेदबाह्य पंथाचे लोक, यांचे आपसांतील नियम व आचार राजानें रक्षावे असें तेथें सांगितलें आहे. ज्याचा पंथ आपणांस मान्य नाहीं त्याच्या संघासही राजाचें संरक्षण आहे, आणि ज्याची जमीन लगत आहे त्यास साक्षीचा अधिकार आहे, हीं दोन सूत्रें एकत्र वाचिलीं म्हणजे आपल्या प्रश्नाचें उत्तर जवळजवळ हातीं येतें. आतां प्रत्यक्ष व्यवहारांत काय घडलें तें पाहूं.

३. पुण्यांतील पहिलें ख्रिस्ती देवालय पेशवाईंतील आहे, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. पेशव्यांच्या फौजेंत पोर्तुगीज व गोवेकर ख्रिस्ती लोक चाकरीस होते. त्यांच्यापैकीं डॉम मिगेल द नोरोन्हा या अधिकाऱ्याच्या विनंतीवरून सवाई माधवराव पेशव्यांनीं इ. स. १७९२ मध्यें देवालयासाठीं जमीन दिली. आज तें क्वार्टर गेटाजवळचें ‘सिटी चर्च’ म्हणून प्रसिद्ध आहे. आरंभींची वास्तु साधी होती. मोठी इमारत पुढें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास झाली.

या देणगींत दोन गोष्टी लक्षांत घेण्याजोग्या आहेत. पहिली काळाची. ज्या सरकारच्या फौजांनीं १७३९ सालीं वसई घेतली व उत्तर कोंकणांतील पोर्तुगीज सत्ता मोडली, त्याच सरकारनें त्रेपन्न वर्षांनीं आपल्या राजधानींत ख्रिस्ती देवालयास जागा दिली. युद्ध पोर्तुगीज राज्याशीं होतें. चाकरींतील शिपायाच्या उपासनेशीं नव्हतें. दुसरी गोष्ट स्थळाची. ही जागा ज्या नाना पेठेंत मोडते, ती पेठ नाना फडणिसांनीं १७९१ च्या सुमारास शहराच्या पूर्व अंगास वसविली. म्हणजे देवालय आणि शेजार हे जवळजवळ एकाच वेळीं वाढीस लागले. जो पुढें तेथें घर बांधावयास आला त्यास शेजारीं काय आहे हें आधींच ठाऊक होतें. भरल्या वस्तींत मागाहून मोठी वास्तु येणें आणि वास्तूच्या भोवतीं मागाहून वस्ती होणें, या दोहोंत शेजाऱ्याच्या दृष्टीनें मोठा भेद आहे, आणि तो पुढील उदाहरणांत स्पष्ट होतो.

४. पेशवाईच्या अखेरीनंतर परिस्थिति बदलली. इंग्रजांनीं आपल्या लष्करासाठीं छावणी वसविली व तेथें सेंट मेरी चर्च बांधिलें. १८२५ सालीं बिशप हेबर यानें त्याची प्रतिष्ठापना केली. छावणींतील या देवालयाचा पेठांतील लोकांशीं फारसा संबंध नव्हता. तें साहेबाचें देऊळ, साहेबासाठीं होतें. लोकांच्या मनांतील भय छावणींतील देवळानें नव्हे, तर मिशनच्या शाळांनीं उत्पन्न केलें.

इ. स. १८४३ मध्यें मुंबईंत नारायण शेषाद्रि या ब्राह्मण तरुणानें ख्रिस्ती धर्म स्वीकारिला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हा अल्पवयी असून तोही मिशनच्या आश्रयास गेला होता. बापानें न्यायालयांत दाद मागितली व न्यायालयानें मुलास बापाच्या स्वाधीन केलें. पुढें श्रीपतास प्रायश्चित्त देऊन जातींत परत घ्यावें कीं नाहीं यावर मोठें वादळ झालें. बाळशास्त्री जांभेकरांनीं त्याच्या शुद्धीचा पक्ष घेतला. सनातन पक्षानें कडाडून विरोध केला. मुलगा हातचा जाईल, आणि परत आला तरी घरांत घेतां येणार नाहीं, अशा दोन भयांमध्यें त्या काळचीं कुटुंबें सांपडलीं होतीं. पहिलें भय मिशननें निर्माण केलें. दुसरें आपल्याच समाजानें.

त्यावर १८५० च्या २१ व्या कायद्यानें आणखी एक प्रश्न जोडला. धर्मांतर केल्यानें किंवा जातिबहिष्कृत झाल्यानें मनुष्याचा वारसाहक्क बुडूं नये, असें त्या कायद्यानें ठरविलें. न्यायदृष्ट्या तो कायदा योग्यच होता. मनुष्याच्या श्रद्धेचा दंड त्याच्या पोटास कां बसावा? परंतु वाड्यांत राहणाऱ्या एकत्र कुटुंबाच्या दृष्टीनें त्याचा अर्थ फार जवळचा होता. एक भाऊ ख्रिस्ती झाला तरी वाड्याच्या चौकांत, विहिरींत व माजघरांत त्याचा वांटा कायम राहणार. सोवळें, पाणी व चूल यांवर ज्या घराची सर्व घडी बसलेली, त्या घरास हें भय इमारतीच्या उंचीपेक्षां किती तरी मोठें वाटलें असेल. शेजारच्या चर्चविषयींची जुनी भीति समजून घ्यावयाची तर प्रथम वाड्याची ही रचना डोळ्यांपुढें आणिली पाहिजे.

५. या पार्श्वभूमीवर पुण्याच्या पेठेंत एक भव्य ख्रिस्ती देवालय उभें राहिलें. गुरुवार पेठ, जिला वेताळ पेठ असेंही म्हणत, ती जिवाजीपंत खासगीवाले यांनीं वसविलेली. त्या पेठेंत पांच हौद असलेल्या जागेवर इंग्लंडांतील कौली येथील संन्यस्त पाद्र्यांच्या संघानें आपलें ठाणें केलें, आणि वाँटेज येथील भगिनींच्या संघानें त्यांस जोड दिली. जागेवरून संस्थेस ‘पंचहौद मिशन’ हें नांव पडलें. १८८५ सालीं तेथील ‘होली नेम’ चर्च बांधून झालें, आणि पुढील दशकांत त्याच्या शेजारीं सुमारें १३० फूट उंचीचा घंटामनोरा उभा राहिला. त्यांत आठ घंटांचा मेळ आहे. त्या घंटा इंग्लंडांतील रीतीप्रमाणें दोरांनीं पूर्ण फिरवून क्रमानें वाजवितां येतात. भारतांत अशी सोय अत्यंत विरळ आहे.

आपल्या विषयाचें हेंच खरें उदाहरण होय. वस्ती जुनी व भरलेली. वास्तु नवी, परदेशी पैशाची व राज्यकर्त्यांच्या धर्माची. उंची सर्व पेठेच्या वर. आणि आवारांत केवळ प्रार्थनामंदिर नव्हे, तर शाळा, वसतिगृह व आश्रम. म्हणजे एक इमारत नव्हे, तर एक लहानसें गांवच पेठेंत वसलें. नाना पेठेचें उदाहरण येथें अगदीं उलटें झालें.

तथापि या मिशनशीं जोडलेलें जें मोठें वादळ पुण्याच्या इतिहासांत राहिलें, तें इमारतीवरून झालें नाहीं, मनोऱ्यावरून नाहीं, घंटांवरूनही नाहीं. तें झालें एका पेला चहावरून.

६. इ. स. १८९० च्या ऑक्टोबरांत पंचहौद मिशनच्या पाद्र्यांनीं पुण्यांतील प्रतिष्ठित मंडळींस व्याख्यानाच्या निमित्तानें बोलाविलें व त्यांच्यापुढें चहा-बिस्किटें ठेविलीं. न्यायमूर्ति रानडे व टिळक हे दोघेही त्यांत होते. कोणी चहा घेतला, कोणी नुसता पेला हातीं धरिला. गोपाळराव जोशी यांनीं उपस्थितांचीं नांवें वर्तमानपत्रांत प्रसिद्ध करविलीं आणि ग्रामण्य उभें राहिलें. शंकराचार्यांपर्यंत तक्रार गेली. त्यांनीं चौकशीस शास्त्र्यांचें मंडळ नेमिलें. टिळकांनीं आपण काशींत प्रायश्चित्त घेतल्याचें सांगितलें; रानड्यांनीं १८९२ सालीं प्रायश्चित्त घेतलें, आणि तें कां घेतलें यावरून सुधारकांनींच त्यांस बोल लाविला. रमाबाई रानड्यांच्या आठवणींत या प्रसंगाची हकीकत आलेली आहे.

हें प्रकरण हास्यास्पद म्हणून सांगण्याची वहिवाट पडली आहे. परंतु शेजाराच्या दृष्टीनें पाहिल्यास त्यांत एक गंभीर अर्थ आहे. १३० फुटांचा मनोरा पेठेनें सहन केला, कारण मनोरा आवाराच्या भिंतीच्या आंत होता. चहा भिंतीबाहेर आला. तो आपल्या माणसांच्या पोटांत गेला. शेजाऱ्यांची चिंता वास्तूच्या आकाराविषयीं कमी आणि सीमेविषयीं अधिक होती. आणि ही सीमा दगडविटांची नसून पंक्तीची होती.

हाच अर्थ तीन वर्षांनीं शारदासदनाच्या प्रकरणांत दिसून आला. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ सालीं वाँटेज येथें झाला होता, आणि वाँटेजच्या भगिनींशीं त्यांचा परिचय पुण्यांत पंचहौदाच्याच परिसरांत झालेला. १८८९ सालीं मुंबईंत काढलेलें शारदासदन त्यांनीं १८९० मध्यें पुण्यास आणिलें. विधवांसाठीं उघडलेल्या त्या शाळेंत कांहीं मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे वळल्या असें दिसतांच १८९३ सालीं गहजब झाला. पालकांनीं मुली काढून नेल्या, आणि रानडे व भांडारकर यांसारख्या हितचिंतकांनीं सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. येथें पालकांचा आक्षेप निराधार म्हणतां येत नाहीं. शाळा धर्मनिरपेक्ष राहील या समजुतीनें मुली पाठविल्या होत्या. ती समजूत बिघडली. परंतु त्याच पालकांच्या समाजानें त्या विधवांसाठीं दुसरें दार उघडें ठेविलें नव्हतें, हेंही तितकेंच खरें. ज्या शेजाऱ्याच्या घरांत मुलीस जागा नाहीं, त्यानें तिला जागा देणाऱ्याच्या भिंतीकडे बोट दाखवितांना थोडें थबकावें.

७. आतां जालन्याकडे वळूं. वर ज्या नारायण शेषाद्रींचा उल्लेख आला, तेच पुढें पाद्री होऊन जालन्यास आले. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून त्यांनीं जालन्यानजीक जमीन मिळविली व तेथें ख्रिस्ती लोकांचें स्वतंत्र गांव वसविलें. त्याचें नांव बेथेल. हिब्रू भाषेंत त्याचा अर्थ देवाचें घर असा होतो. मुंबईच्या न्यायालयांत ज्याच्या घराण्याचा तंटा गाजला, त्यानेंच वस्तीचा प्रश्न अगदीं निराळ्या रीतीनें सोडविला. वस्तींत देवालय न बांधितां देवालयाभोवतीं त्यानें वस्तीच उभी केली.

असें कां करावें लागलें? तेथील नवख्रिस्ती बहुतांशीं मांग व महार समाजांतील होते. गांवगाड्यांत त्यांची जागा गांवकुसाबाहेर, पाणवठा वेगळा, पोट बलुत्यावर व वतनावर अवलंबून. देवळापुढें व मिरवणुकींत वाजविणें हें मांगाचें परंपरागत काम. तो ख्रिस्ती झाला आणि देवापुढें वाजवीना, तर त्याचें बलुतें चालावें कीं बंद व्हावें? उपाध्याय मिळाला तरी भाकर कोण देणार? गांवांत राहून हा प्रश्न सुटत नव्हता, म्हणून जमीन, शाळा, धंदा व देवालय यांसह नवें गांव करावें लागलें. पुण्यांत शेजाऱ्यास चर्च जवळ आल्याचें भय होतें. जालन्याकडे चर्चच्या लोकांस शेजारच नव्हता. त्यांना तो नव्यानें निर्माण करावा लागला.

बेथेलच्या रीतीनें तंटा टळला हें खरें. परंतु तंटा टळणें आणि शेजार घडणें या दोन भिन्न गोष्टी होत. आज जे लोक म्हणतात कीं, अमुक धर्माच्या लोकांनीं आपलें प्रार्थनास्थळ वस्तीबाहेर दूर नेऊन बांधावें, ते नकळत गांवकूसच पुन्हां उभें करीत असतात. प्रत्येक धर्माचें वेगळें गांव हा उपाय त्या काळीं नाइलाजाचा होता. तो आदर्श होऊं शकत नाहीं.

८. मराठवाड्यास या विषयाचा आणखी एक अनुभव आहे, आणि तो विसरतां कामा नये. निजामी राजवटींत नवें मंदिर बांधणें, जुन्याची दुरुस्ती करणें, किंवा मिरवणूक काढणें यांस धर्मखात्याची, म्हणजे उमूर-इ-मजहबीची, पूर्वपरवानगी लागे. वरवर हा नियम शांततेसाठीं होता. प्रत्यक्षांत परवानगी मागणाऱ्याचा धर्म कोणता, यावर तिचा निकाल अवलंबून असे, अशी हिंदु प्रजेची तक्रार होती. १९३८–३९ सालच्या हैदराबाद सत्याग्रहांत आर्यसमाजाच्या मुख्य मागण्यांपैकीं एक हीच होती कीं, मंदिर व यज्ञकुंड करण्यास सरकारी परवान्याची अट नसावी. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं ती राजवट संपली.

ज्यांच्या वाडवडिलांनीं देवळाच्या भिंतीसाठीं परवाना मागण्याचा जाच सोसला, त्यांनींच आज दुसऱ्याच्या प्रार्थनामंदिरास “शेजाऱ्यांस नको” एवढ्याच कारणावरून अडवावें, हें इतिहासाच्या दृष्टीनें विसंगत आहे. नियम असावाच, परंतु तो वास्तूचा परिणाम मोजणारा असावा, वास्तूंतील देव मोजणारा नसावा. निजामी परवान्यांत दोष होता तो नियम असण्याचा नव्हता. नियमाच्या हातांतील तराजू दोन प्रकारचा होता, हा होता.

९. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेनें २५ व २६ या अनुच्छेदांत उपासनेचें व धर्मसंस्थांच्या कारभाराचें स्वातंत्र्य दिलें, परंतु तें सार्वजनिक सुव्यवस्था, नीति व आरोग्य यांस अधीन ठेविलें. या मर्यादेचा अर्थ एका खटल्यांत चांगला उलगडला. मद्रास, म्हणजे सध्याचें चेन्नई, येथें एका निवासी वसाहतींतील रहिवाशांच्या संघानें लगतच्या ‘चर्च ऑफ गॉड’ या मंडळीविरुद्ध ध्वनिवर्धक व वाद्यें यांच्या आवाजाची तक्रार केली. ही तक्रार अल्पसंख्य धर्मीयांस अडथळा करण्याच्या हेतूनें आहे, आणि आवाज पुष्कळसा रस्त्यावरील वाहनांचा आहे, असें मंडळीचें म्हणणें होतें. सर्वोच्च न्यायालयानें ३० ऑगस्ट २००० रोजीं निर्णय दिला कीं, दुसऱ्याची शांतता मोडून प्रार्थना करावी असें कोणताही धर्म सांगत नाहीं; आवाजाची मर्यादा सर्वांस सारखी लागूं आहे. चर्च बंद करा असें न्यायालयानें म्हटलें नाहीं; रहिवाशांनीं गप्प बसावें असेंही म्हटलें नाहीं. त्याच वर्षीं आलेल्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठीं दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल अशी मर्यादा घातलेली आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. हा आंकडा घंटा, अजान, भजन व वरात यांत भेद करीत नाहीं.

बांधकामासही हेंच लागूं आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ याखालीं विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करून नागरिकांच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात. सार्वजनिक जागेवर अनधिकृत धार्मिक बांधकाम होऊं देऊं नये असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें २००९ सालीं दिला. तोही सर्व धर्मांस सारखा आहे. हरकत ऐकून घेणें, ती तपासणें आणि कारणें सांगून निकाल देणें, हा क्रम मिताक्षरेंतील ग्राम व सामन्त यांच्या अनुमतीच्या अर्थापासून दूर नाहीं. व्यवहार उघडा व्हावा आणि सीमेचा वाद राहूं नये, हेंच दोहोंचें प्रयोजन आहे.

१०. येणेप्रमाणें निष्कर्ष असा निघतो. शेजाऱ्याच्या कांहीं चिंता मोजतां येण्याजोग्या असतात: रस्ता, पाणी, आवाज, उंची, गर्दी. त्या त्यानें निःसंकोच मांडाव्या, आणि बांधणाऱ्यानें त्यांचें उत्तर नकाशानें व आंकड्यांनीं द्यावें. “आमच्या धर्मावर हल्ला” असें म्हणून त्या टोलवूं नयेत. कांहीं चिंता मोजतां येत नाहींत. त्या घरांतील मुलाबाळांविषयीं, पंक्तीविषयीं व वारशाविषयीं असतात. त्यांचा उपाय नगररचनेच्या कचेरींत नाहीं. श्रीपत शेषाद्रीच्या घरास जो प्रश्न पडला तो चर्चची भिंत पाडून सुटला नसता. परत येणाऱ्या मुलास दार उघडें ठेवून मात्र सुटण्याजोगा होता, आणि जांभेकरांनीं तेंच सांगितलें. दुसऱ्या प्रकारची चिंता पहिल्या प्रकारच्या भाषेंत मांडणें, म्हणजे मनांत धर्म असतां ओठांवर रस्ता ठेवणें, हें खोट्या साक्षीसारखें आहे. आणि सीमेविषयीं खोटें बोलणाऱ्या सामन्तास दंड करावा, असें स्मृतीचेंच सांगणें आहे.

सिटी चर्चला सव्वादोनशें वर्षें उलटून गेलीं. पंचहौदाचें चर्च १९७० नंतर ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ या संयुक्त मंडळींत असून त्याचा मनोरा गुरुवार पेठेच्या ओळखीचाच एक भाग झाला आहे. ज्या चहावरून शहर पेटलें तो आज पुण्याच्या प्रत्येक घरांत दिवसांतून दोनदां होतो. शेजार हा असा सावकाश जुळतो. त्यास नकाराधिकार जुळवूं शकत नाहीं व मौनही जुळवूं शकत नाहीं. त्यास उघडी साक्ष आणि सर्वांस एकच माप, एवढेंच लागतें. इत्यलम्.